गावाला सगळं माहीत असतं, मग ते कागदावर का येत नाही?

विहिरीवरची मोटर चोरीला गेली की आमच्याकडे सकाळी नऊपर्यंत अख्ख्या गावाला चोर माहीत असतो. टपरीवर पहिल्या चहाला नाव निघतं, दुसऱ्या चहाला त्याच्या मेहुण्याचंही निघतं. दुपारी बीटचे हवालदार येऊन पारावर बसतात आणि एकेकाला विचारतात. उत्तर ठरलेलं असतं, "माले काय माहित नई, भाऊ." हवालदार गेले की गप्पा जिथे थांबल्या होत्या तिथून पुन्हा सुरू.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कोर्टासमोर, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फिर्यादीच्या प्रती, पंचनामे, जामिनाचे कागद असं सगळं माझ्या काचेवरून जातं. मोटर, तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, दारातली मोटारसायकल, रात्रीतून कापून टाकलेली केळीची खोडं. या कागदांच्या शेवटी बहुतेक वेळा 'अज्ञात इसम' असतो. गावात जो इतका ज्ञात आहे तो कागदावर अज्ञात कसा होतो? लोक घाबरतात हे खरं, पण तेवढंच कारण नाही. आपल्याला 'माहीत असणं' म्हणजे काय, याचाच आपला घोळ आहे.

गावाची माहिती तीन प्रकारची असते. पाहिलेली, ऐकलेली आणि ताडलेली. रात्री दोनला लघवीला उठलो तेव्हा दिवे न लावता एक पिकअप नदीकडच्या रस्त्याने गेली, हे पाहिलेलं. शेजारच्या आबांनी सांगितलं की पिकअपमध्ये दोघं होते, हे ऐकलेलं. ती पिकअप अमक्याचीच असणार, कारण मागच्या वर्षीही त्याचंच नाव आलं होतं, हे ताडलेलं. टपरीवर या तिन्हींचा एकच रस्सा होतो आणि दहा वाजेपर्यंत वाक्य तयार होतं: "अमक्याने पिकअपमधून मोटर नेली, लोकांनी पाहिलं." प्रत्यक्षात कोणीही तसं पाहिलेलं नसतं.

पोलिसांना तिन्ही प्रकारच्या माहितीचा उपयोग होतो, हे आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं की पुरावा नसेल तर बोलूच नये. तपास सुरू व्हायला ऐकीव गोष्टही पुरते. फक्त सांगताना कोणती कुठली ते वेगळं करून सांगावं लागतं. कोर्टात मात्र साधारणपणे पाहिलेलंच चालतं. आबांनी पाहिलं असेल तर आबांनीच येऊन सांगायचं, आबांच्या वतीने मी नाही. ऐकीव पुरावा कोर्ट का घेत नाही याचं कारण सोपं आहे. आरोपीच्या वकिलाला उलटतपासणी घ्यायची असते आणि आबांच्या डोळ्यांची उलटतपासणी माझ्याकडून कशी घेणार?

हे पाहणं-सांगणं खानदेशाला नवीन नाही. जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा आणि आपल्या भागात ते काम बहुतेक भिल्लांकडे होतं. रात्रीची राखण आणि चोरीनंतर पावलांचा माग काढणं ही त्याची जबाबदारी. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की पुढचं काम त्या गावाच्या जागल्याचं. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला त्यातही या पद्धतीचं वर्णन आहे. मला त्यातली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. जागल्या माग दाखवायचा आणि शिवेपर्यंत आणून सोडायचा, चोराला शिक्षा देणं त्याच्याकडे नव्हतं. पुढे १८२५ मध्ये इंग्रजांनी जेम्स आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला होतं. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं त्यांनाच बंदोबस्ताला लावलं. आज जागल्याच्या आणि जुन्या पाटलाच्या जागी १९६७ च्या कायद्याने नेमलेले पोलीस पाटील आहेत. गावात गुन्हा घडला, संशयास्पद मृत्यू झाला तर ठाण्याला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुम्हाला ठाण्याची पायरी चढायची नसेल तर पहिला दरवाजा हाच.

आता कायद्याच्या भाषेत शिरू, पण बेताने. पोलिसांना मदत करणारा माणूस चार वेगवेगळ्या भूमिकांत असू शकतो आणि लोक यांची सर्रास गल्लत करतात.

खबर देणारा वेगळा. त्याने ११२ ला फोन केला, नाहीतर ओळखीच्या हवालदाराच्या कानावर घातलं, की त्याचं काम तिथे संपू शकतं. त्याचं नाव कागदावर यायलाच हवं असं नाही. खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर कोर्टातही करता येत नाही, अशी तरतूद इंग्रजांच्या काळच्या पुरावा कायद्यापासून आहे. ज्यांना 'माले काय माहित नई' म्हणायची सवय आहे त्यांच्यापैकी किती जणांना ही गोष्ट माहीत असेल?

फिर्यादी म्हणजे ज्याच्या सांगण्यावरून गुन्हा दाखल होतो तो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फिर्याद कलम १७३ खाली घेतली जाते. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही. चाळीसगावला राहणाऱ्याची गाडी धुळ्यात चोरीला गेली तरी चाळीसगावात फिर्याद नोंदवून ती पुढे धाडता येते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन फिर्याद दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत फुकट मिळते (माझ्या दुकानाचं त्यात नुकसान आहे, पण खरं ते खरं). ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचा मार्ग आहे. आणि ९० दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवायचं बंधन आता पोलिसांवर आहे.

साक्षीदाराचा जबाब पोलीस लिहून घेतात. त्यावर सही करायची नसते, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. फिर्यादीवर सही असते, जबाबावर नाही. चौकशीला बोलवायचं असेल तर पोलिसांनी लेखी आदेश द्यायला हवा. बाई असेल, किंवा साठीच्या पुढचा म्हातारा, पंधराच्या आतला मुलगा, दिव्यांग किंवा फार आजारी माणूस असेल, तर त्याला ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलीस घरी येतील. आणि चौथा पंच. त्याच्याविषयी शेवटी बोलू, कारण तिथे माझी स्वतःची फजिती आहे.

काही गुन्ह्यांत गप्प बसायची मुभाच नाही. खून, दरोडा अशा गुन्ह्यांची माहिती असेल तर ती देणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे, असं संहितेचं कलम ३३ म्हणतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत तर पोक्सो कायद्यात न कळवणं हाच गुन्हा आहे, मग तो न कळवणारा शिक्षक असो, शेजारी असो की मामा.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो, कॅमेरा. गेल्या काही वर्षांत सराफाच्या पेढीपासून किराणा दुकानापर्यंत सगळीकडे कॅमेरे लागले आणि गावोगाव हौशी गुप्तहेर तयार झाले. रात्री घरफोडी झाली की सकाळी चार पोरं एखाद्या दुकानातल्या डब्यासमोर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरसमोर, बसून फुटेज मागे-पुढे करत असतात. हेतू चांगला असतो. पण पुढे काय होतं पाहा. एकजण पडद्यावरचं चित्र मोबाइलने टिपतो, ते ग्रुपवर जातं, त्यावर कोणीतरी लाल गोल काढतो, कोणीतरी "कोन्हा पोऱ्या शे हाऊ?" असं विचारतो, आणि संध्याकाळपर्यंत त्या पोऱ्याच्या घराबाहेर गर्दी. मूळ फुटेज मात्र डब्यात तसंच पडलेलं. त्या डब्याची जागा भरली की तो सर्वांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं लिहितो. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. तपासी अंमलदार तिथे पोचेपर्यंत ती रात्र पुसली गेलेली असू शकते आणि उरतो मोबाइलवर टिपलेला, लाल गोल काढलेला, पन्नास ठिकाणी फिरलेला तुकडा. कोर्टात त्याची किंमत शून्याच्या जवळ.

कारण डिजिटल पुरावा मूळ यंत्रातून आलाय आणि मधे कोणी हात लावलेला नाही, हे दाखवावं लागतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं. ते सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं आणि तो खटला आपल्या शेजारच्या जालन्यातल्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून गेला होता. खोतकर विरुद्ध गोरंट्याल. नव्या कायद्यात त्या प्रमाणपत्रावर हॅश व्हॅल्यूही लिहितात. फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. फाइलीत एक ठिपका बदलला तरी ठसा वेगळा येतो.

म्हणून फुटेज सापडलं तर करायचं एवढंच: डब्याला हात न लावता ठाण्याला कळवायचं, यायला उशीर होणार असेल तर ज्याने कॅमेरे बसवले त्याच्याकडून तेवढ्या वेळेची मूळ फाइल वेगळी जपून ठेवायची, आणि डब्यावरचं घड्याळ खऱ्या घड्याळापेक्षा किती पुढे-मागे आहे ते कागदावर लिहायचं. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात. एका दुकानातला डबा चाळीस मिनिटं पुढे होता, म्हणून चोरीच्या वेळी बसस्टँडवर असलेला माणूस चोरीनंतर गावाबाहेर पळताना 'दिसला'. नशीब, वेळेत लक्षात आलं.

आणि चित्र एकटं बोलत नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्थानकात बंदूक हातात घेतलेल्या कसाबचं जे छायाचित्र जगाने पाहिलं, ते काढणाऱ्या सेबॅस्टियन डिसूझा यांनाही कोर्टात उभं राहून साक्ष द्यावी लागली. फोटो काढणारा माणूस लागतोच.

फोटो ग्रुपवर फिरण्याचं आणखी एक नुकसान आहे, ते फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. संशयित पकडल्यावर ओळखपरेड होते. सारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेतून साक्षीदाराने त्याला ओळखायचं. साक्षीदाराने त्या माणसाचा फोटो आधीच दहा वेळा मोबाइलवर पाहिला असेल, तर तो त्या रात्रीचा चेहरा ओळखतोय की ग्रुपवरचा, हे त्यालाही सांगता येणार नाही. बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. चोर पकडायच्या उत्साहात आपण चोराच्या वकिलाचं काम करून ठेवलेलं असतं.

उलट, गप्प राहून जपलेली आठवण किती लांब टिकते याचं उदाहरण पुण्यातलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला आणि गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली. त्यांना कोर्टात ओळखणाऱ्यांत महापालिकेचा सफाई कर्मचारी होता. त्या सकाळी तो आपलं रोजचं काम करत होता. त्याने काही शोधून काढलं नाही, कोणाचा पाठलाग केला नाही. जे दिसलं ते इतक्या वर्षांनी तसंच सांगितलं.

इथवर आलो की राईनपाड्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं छोटं गाव, आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप सगळीकडे फिरत होते. त्याच वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीची होती, शेवटचा खुलासा कापून टाकलेली. बाजारात कोणाला तरी संशय आला आणि जमाव जमला. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन तिथेच ठार मारलं.

त्या जमावातल्या अनेकांना आपण गुन्हा करतोय असं वाटत नव्हतं, आपण गुन्हा थांबवतोय असं वाटत होतं. मला ते म्हणूनच जास्त भयंकर वाटतं. पाहिलेलं काय होतं? पाच परकी माणसं. ऐकलेलं काय होतं? मोबाइलवरचा निरोप. बाकी सगळं ताडलेलं. आणि ताडतानाही आपण कोऱ्या मनाने ताडत नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण भटक्या माणसाकडे बघण्याची नजर तशीच राहिली. पालं टाकून राहणारे लोक दिसले की आपल्याकडे आजही बायका पोरांना घरात ओढतात. कधीतरी स्वतःला विचारा, सफारीत आलेल्या अनोळखी माणसाकडे आपण तसं पाहतो का?

त्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबद्दल सरकारांना सविस्तर आदेश दिले आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. नव्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केला तर त्यासाठी स्वतंत्र कलम आहे, शिक्षा फाशी किंवा जन्मठेप. 'मी फक्त एक चापट मारली' याने सुटका होत नाही. जमावाचा उद्देश एक असेल तर जबाबदारी सगळ्यांवर येते.

मग डोळ्यांदेखत चोर सापडला तर सोडून द्यायचा का? नाही. सामान्य माणसालाही अटक करता येते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. पण अटी आहेत. गुन्हा तुमच्या समक्ष घडलेला हवा, तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा, आणि पकडलेल्या माणसाला विनाविलंब, जास्तीत जास्त ६ तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवं. पकडायचा अधिकार आहे, मारायचा नाही. खांबाला बांधून कबुली काढायचा तर अजिबात नाही. तशी कबुली मार खाऊन दिलेली आहे हे दिसलं की कोर्ट ती बाजूला टाकतं आणि मारणाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल होतो. चोर सुटतो, पकडणारे अडकतात.

हौशी शोधाची गोष्ट परदेशातही याच दोन टोकांची आहे. २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी लोकांनी गर्दीच्या फोटोंवरून एका निरपराध विद्यार्थ्याचं नाव घेतलं. तो आधीपासूनच बेपत्ता होता, पुढे त्याचा मृतदेह सापडला. त्याच्या घरच्यांनी त्या दिवसांत काय सोसलं असेल! दुसरीकडे, कॅलिफोर्नियात सत्तर-ऐंशीच्या दशकांत धुमाकूळ घालणारा खुनी २०१८ मध्ये सापडला तो वंशावळी जुळवणाऱ्या जाणकारांच्या मदतीने. लोकांनी आपल्या पूर्वजांच्या शोधासाठी जे डीएनए एका संकेतस्थळावर टाकले होते, त्यांत खुन्याचे लांबचे नातेवाईक निघाले. पण तेवढ्यावर कोणी त्याच्या घरावर चालून गेलं नाही. पोलिसांनी त्याचा स्वतःचा डीएनए गुपचूप मिळवला, ताडून पाहिला, आणि मगच हातकड्या.

पैसे देऊन खासगी गुप्तहेर लावणाऱ्यांसाठी एक वाक्य. या धंद्यासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा कधी झालाच नाही. त्यामुळे तुमच्या गुप्तहेराला तुमच्यापेक्षा एकही अधिकार जास्त नाही, आणि कोणाचे कॉल रेकॉर्ड विकत आणून देणं हा सरळ गुन्हा आहे.

राहता राहिली भीती, आणि ती खोटी नाही. गावात राहायचं असतं, शेताला जायची वाट त्याच माणसाच्या बांधावरून असते. साक्षीदार फितूर होतात ते दर वेळी पैशानेच होतात असं नाही, कितीदा तरी ते बांधावरून होतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करायला सांगितलं आहे. अर्ज करता येतो, धोक्याप्रमाणे संरक्षण मिळू शकतं. आमच्या कोर्टासमोर उभं राहून मी मात्र एवढंच म्हणेन की असा अर्ज झेरॉक्सला आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता पंच. कुठे झडती झाली, मुद्देमाल सापडला, की जागेवरच्या किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित माणसांसमोर पंचनामा होतो. पंचाने चोर शोधायचा नसतो. समोर जे झालं तेच कागदावर आहे ना, एवढं पाहायचं असतं. आता या झडतीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे, तेव्हा नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याकडे चोरीची केबल सापडली, तेव्हा रस्त्यावरून चाललेल्या मला पंच म्हणून उभं केलं. ऊन मी म्हणत होतं, दुकान उघडं टाकून आलो होतो. "शेठ, इथे सही करा." केली. न वाचता.

सहा वर्षांनी समन्स आलं. पिंजऱ्यात उभा राहिलो. आरोपीच्या वकिलांनी, जे रोज माझ्याकडेच झेरॉक्स काढतात, हसून विचारलं, "केबल किती मीटर होती?" मला आठवेना. "रंग?" काळा, मी म्हणालो. त्यांनी पंचनामा माझ्यापुढे धरला. तिथे लिहिलं होतं, निळा.

"ही सही कोणाची?"

"माझीच, साहेब."

खाली येताना भंगारवाल्याने मला नमस्कार केला.